क्यूआर संकेतयुक्त पाठ्यपुस्तक
छापील धड्यालगतचा चौकोनी संकेत मोबाइलने टिपताच चित्रफीत, ध्वनी किंवा सराव प्रश्न उघडून देणारे पाठ्यपुस्तक.

क्यूआर संकेत जपानमधील डेन्सो कंपनीत १९९४ मध्ये, मोटारीच्या सुट्या भागांच्या नोंदीसाठी तयार झाला. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तो पाठ्यपुस्तकात आणला. पुढे राज्याच्या पुस्तकांतही तो आला (पहा : बालभारती).

संकेताच्या तीन कोपऱ्यांतील ठळक चौकोनांमुळे पान आडवे-उलटे असले तरी फोनला दिशा कळते. त्यातच त्रुटिदुरुस्तीची सोय असल्याने थोडा भाग पुसट झाला तरी संकेत वाचता येतो. शाळकरी हातांत मळणाऱ्या पुस्तकाला हा गुण फार मोलाचा. फोन व इंटरनेट मात्र लागतेच.

२०१७ मध्ये अशा संकेतांमागील धडे पुरवणारा केंद्र सरकारचा ‘दीक्षा’ हा डिजिटल शिक्षणमंच सुरू झाला (पहा : दूरशिक्षण). त्यावर मंडळ, माध्यम व इयत्ता निवडता येत असल्याने जबलपूरच्या मराठी घरातही महाराष्ट्र मंडळाचा धडा उघडतो.

डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.