झोन पाच म्हणजे नक्की कोणता पाच?

न्यू जर्सीत घर घेतलं त्या वर्षी हौसेने अंगणात अंजीर लावलं. रोपाच्या चिठ्ठीवर लिहिलेलं 'झोन ७', २०२३च्या सरकारी नकाशात आमचं गावही '७ ए'. झालं, मी निर्धास्त! जानेवारीत अंजीर जमिनीपर्यंत वाळलं. चूक कोणाची हे शोधायला बसलो आणि अख्खा वीकएंड त्यातच गेला.

तर हा आकडा म्हणजे काय? दर हिवाळ्यात पारा ज्या नीचांकाला जातो, त्या नीचांकांची बऱ्याच वर्षांची सरासरी. सरासरी! म्हणजे साधारण निम्मे हिवाळे त्याहून कडक असणारच. इंजिनिअरिंगला स्टॅटिस्टिक्स शिकून काय उपयोग, सांगा.

खरी गंमत पुढेच आहे. बॉस्टनच्या आर्नल्ड आर्बोरेटममधल्या आल्फ्रेड रेडर यांनी १९२७ साली आपल्या झाडांवरच्या पुस्तकात आठ पट्ट्यांचा नकाशा दिला. १९३८मध्ये तिथल्याच डोनाल्ड वायमन यांनी १८९५ ते १९३५च्या हवामान नोंदी घेऊन नवा नकाशा काढला. त्यातले पट्टे मात्र कुठे ५ अंशांचे, कुठे १०, कुठे १५. हे कृषी खात्याला खटकलं असावं. त्यांनी १९६०मध्ये स्वतःचा नकाशा काढला, सरळ १० अंश फॅरनहाइटचा एकेक पट्टा. उत्तम. पण पट्ट्यांना नंबर तसेच दिले!

वायमनचा पाच म्हणजे उणे १० ते उणे ५. खात्याचा पाच म्हणजे उणे २० ते उणे १०. दोन्ही नकाशे काही वर्षं शेजारी शेजारी नांदले. वायमनचा 'पाच' वाचून कोणी खात्याच्या पाचात झाड लावलं, तर ते झाड गेलंच म्हणून समजा. आपल्या भाषेत सांगायचं तर फॉर्मॅट बदलला आणि फील्डचं नाव तेच ठेवलं. असे बग आपणही काढलेत की!

पुढे १९९०च्या नकाशाने १९७४ ते ८६ची वर्षं धरली, २०१२च्या नकाशाने १९७६ ते २००५ आणि २०२३च्या नकाशाने १९९१ ते २०२०. या शेवटच्या बदलात जवळपास अर्धा देश अर्धा झोन उबदार झाला. आमचं गावही २०१२मध्ये '६ बी' होतं. म्हणजे जुन्या नकाशाने मला अंजीर लावूच दिलं नसतं.

शेजारच्या इटालियन आजोबांना हे सगळं सांगितलं. त्यांना झोन-बिन काही माहीत नाही. ते दर नोव्हेंबरात अंजिराला गोणपाट गुंडाळतात, त्यांचे वडीलही गुंडाळायचे.

मे महिन्यात माझ्या अंजिराला मुळातून तीन फुटवे आलेत. गोणपाट आणून ठेवलंय.