पदवीधर गवई

संगीत विभागाच्या प्रवेशाच्या दिवसांत एक प्रश्न मी पंचवीस वर्षं ऐकला. मुलगी अर्ज घेऊन टेबलापुढे उभी असते आणि मागून तिचे वडील घसा खाकरून विचारतात, "मॅडम, हे करून पुढे काय?"

सुरुवातीला हा प्रश्न मला कलेचा अपमान वाटे. खरं कारण वेगळं होतं. एम. ए. झाल्यावर मी स्वतः सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. तास झाला तर पैसे. दिवाळीची सुट्टी, परीक्षांचे दिवस आणि मे महिना कोरडा. बिलं निघायची तीही कधी कधी पुढच्या शैक्षणिक वर्षात. सकाळी वर्गात भैरव, संध्याकाळी घरोघरी शिकवण्या, आणि रात्री रियाजाला बसले की डोळे मिटायचे. त्या वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशीच नव्हतं. कायम झाले तेव्हा ते शोधायला मी संगीतशिक्षणाचा इतिहास वाचायला घेतला. वाचता वाचता दिसलं की आपल्याकडे संगीताचं विद्यालय निघालं ते मुळात याच प्रश्नातून.

गोष्ट मिरजेपासून सुरू करावी लागते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. ती मिळवण्यासाठी त्यांनी पायपीट केली, गुरुघरी पडेल ते काम केलं. त्यांच्याकडे कुरुंदवाडचा एक मुलगा शिकायला आला. फटाक्याच्या अपघातात त्याची दृष्टी अधू झाली होती. शाळेचं शिक्षण अवघड, म्हणून गाणं. हा विष्णु दिगंबर पलुस्कर. चरित्रकार एक प्रसंग सांगतात: मिरजेतल्या एका समारंभाला गावातल्या प्रतिष्ठितांना बोलावणं होतं, राजाश्रयातल्या या तरुण शिष्यालाही होतं, पण त्याच्या गुरूला नव्हतं. का, तर ते गवई. प्रसंगाचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडे बदलतात, पण त्यातलं दुखणं खोटं नाही. दरबारात बुवांच्या तानेला दाद होती. पंगतीत त्यांना पाट नव्हता.

विष्णु दिगंबरांनी १८९६ मध्ये मिरज सोडली. बडोदा, काठेवाड करत, तिकीट लावून मैफली करत ते उत्तरेला गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. संगीताच्या शाळा त्याआधीही होत्या. पुण्याचा गायन समाज १८७४ चा. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी १८८६ मध्ये शाळा सुरू केली होती. लाहोरचं वेगळेपण असं की त्यामागे कुणा एका संस्थानिकाची तिजोरी नव्हती. फी, देणग्या आणि विष्णु दिगंबरांच्या स्वतःच्या मैफलींचं उत्पन्न यांवर ते चालायचं होतं. घंटा होणार, वर्ग भरणार, पुस्तकातून स्वरलिपी वाचायची, परीक्षा द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. आज हे इतकं सवयीचं आहे की त्यातलं धाडस दिसत नाही. ज्या विद्येत गुरू प्रसन्न झाला तरच चीज मिळे, तिथे फी भरणाऱ्या कोणालाही ती फळ्यावर लिहून दिली जाणार होती.

पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो तिथला उपदेशक वर्ग. निवडक मुलांनी नऊ वर्षं राहण्याचा करार लिहून द्यायचा. राहणं, जेवण, शिक्षण फुकट. बाहेर पडायचं ते शिक्षक म्हणून. विष्णु दिगंबरांनी गायक घडवण्याआधी गायनाचे मास्तर घडवायचं ठरवलं, हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. शहराला मैफलीचे गायक लागणार किती? चार-दोन. गाणं शिकवणारा मास्तर मात्र प्रत्येक गावाला लागू शकतो, आणि मास्तराला लोक नमस्कार करतात. गवयाची अब्रू त्यांनी मास्तराच्या कोटाच्या खिशात ठेवून दिली. तिच्या मोबदल्यात शृंगारिक चिजांचे शब्द सोवळे झाले, भजनं वाढली, आणि ज्या उस्तादांनी नि कलावंतिणींनी हे गाणं जपलं होतं त्यांची या नव्या घरात फारशी सोय राहिली नाही. हा हिशेब आपण शिकलेल्या माणसांनी नेहमी थोडा हात राखूनच मांडला आहे.

१९०८ मध्ये विद्यालय मुंबईत आलं. छापखाना, वाद्यं तयार करण्याचा कारखाना, वसतिगृह, आणि पुढे सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत. इमारत कर्जाची होती. कर्ज फिटेना, धनको थांबेनात, अखेर तिचा लिलाव झाला. विष्णु दिगंबर नाशिकला रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत वारले. शेकडो लोकांच्या पोटाची सोय लावणारा माणूस स्वतः देणेकरी झाला, हे मी दर वर्षी वर्गात सांगत असे. मुलं गप्प होत.

आता त्या नऊ वर्षांच्या कराराचं फळ पाहू. विनायकबुवा पटवर्धन बालगंधर्वांच्या कंपनीत गायक नट झाले. १९३२ मध्ये रंगभूमी सोडून त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. नारायणराव व्यासांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या. त्यांचे बंधू शंकरराव व्यास चित्रपटात गेले. १९४३ च्या 'रामराज्य'चं संगीत त्यांचं. बा. र. देवधर बी. ए. झालेले, त्यांनी १९२५ मध्ये मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक सुरू केलं आणि तिथे पुढे कुमार गंधर्व नावाचा मुलगा शिकायला आला. ओंकारनाथ ठाकूर मैफलीचे बादशहा झाले आणि १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्रमुखही. नाटक, तबकडी, चित्रपट, खासगी विद्यालय, विद्यापीठ, मैफल: "पुढे काय" याची निम्मी यादी एका पिढीतच तयार झाली होती. आणि यातला जवळजवळ प्रत्येक जण, दुसरं काहीही करत असला तरी, शिकवत होता.

गुरू गेले त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही उतरंड आज महाराष्ट्रातल्या लहान गावातल्या मुलीलाही पाठ असते. मंडळाच्या परीक्षांनी मोठे गायक किती दिले असा प्रश्न कुत्सितपणे विचारला जातो. तो चुकीचा आहे. या परीक्षांनी तालुक्याच्या गावात एका माणसाचं घर चालवलं. दोन खोल्या, एक पेटी, एक तबल्याची जोडी, भिंतीवर विष्णु दिगंबरांची तसबीर आणि परीक्षेच्या आधी महिनाभर उशिरापर्यंत चालणारा वर्ग. माझे पहिले गुरुजी असेच होते. मैफल त्यांनी आयुष्यात फारशी केली नाही. पण गावात कोणी मोठा गायक आला की सतरंजीवर पुढच्या चार रांगा त्यांच्याच शिष्यांच्या असत.

दुसरा प्रवाह भातखंड्यांचा. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, पदवीधर आणि वकील. संगीतावर त्यांना पोट भरायचं नव्हतं, म्हणूनच कदाचित त्यांनी ते शास्त्र म्हणून पाहिलं. गावोगाव हिंडून चिजा जमवल्या, दहा थाटांत राग बसवले, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद झाली, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय, १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. तिथे दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले श्रीकृष्ण रातंजनकरही मराठीच. विद्यापीठांत आज जो 'पेपर' असतो, त्यातले थाट, वादी-संवादी, रागांची तुलना, हा घाट प्रामुख्याने भातखंड्यांचा. थोडक्यात, पलुस्करांनी मास्तर दिला आणि भातखंड्यांनी त्याच्या हातात पुस्तक दिलं.

स्वातंत्र्यानंतर मोठा यजमान झाला आकाशवाणी. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांनी ध्वनिचाचणी आणि श्रेणींची पद्धत आणली. संस्थानं विलीन झालेली, दरबार बंद. अशा वेळी महिन्याकाठी एखादा कार्यक्रम आणि त्याचं ठरलेलं मानधन हा कित्येक घरांना आधार होता. पण परीक्षकांसमोर बसून गाणं खानदानी गवयांना झोंबलं, आणि त्यावरून वादही पेटले. पेटीवाल्यांचं तर वेगळंच दुःख. १९४० पासून सुमारे तीन दशकं नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. विद्यालयात जी पेटी वाजवून माणूस शिकवत होता, तीच घेऊन त्याला रेडिओवर साथीला बसता येत नव्हतं.

नोकरी आणि गाणं एकत्र कसं नांदतं, याचं उदाहरण म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रभाताई अत्रे सांगत असे. विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी, संगीतात डॉक्टरेट. आकाशवाणीत नोकरी, पुढे एस. एन. डी. टी. विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख. पण गाणं? ते सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांसमोर बसून मिळालेलं. पदवीने त्यांना पगार दिला, गुरूंनी गळा दिला, आणि दोन्हींतली गल्लत त्यांनी केली नाही.

आपली विद्यापीठं मात्र ती गल्लत करतात. प्राध्यापकाच्या जागेला एम. ए. आणि नेट किंवा सेट लागते. एकदा निवड समितीच्या बैठकीत मी समोर बसले असताना, वीस वर्षं घराण्यात शिकलेल्या एका सारंगीवादकाचा अर्ज पदवी नाही म्हणून बाजूला ठेवला गेला. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. मीही सही केली. सारंगी शिकवायला त्या विभागात आजही कोणी नाही.

विष्णु दिगंबरांचा मुलगा दत्तात्रेय वडील गेले तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला घडवलं ते वडिलांच्याच शिष्यांनी, विनायकबुवा आणि नारायणराव व्यासांनी. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात गायला. १९५२ च्या 'बैजू बावरा'त आमीर खाँसाहेबांसमोर गाणारा आवाज त्याचाच. १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. इमारत लिलावात गेली होती, तरी तिच्यात शिकलेल्यांनी गुरूच्या मुलाला गाणं परत केलं.

निवृत्तीच्या वर्षी प्रवेशाच्या टेबलाशी पुन्हा तोच प्रश्न आला. वडील एस. टी.त वाहक होते. मी त्यांना सांगितलं, "मैफलीवर जगेल असं मी लिहून देणार नाही. शाळेच्या वेळापत्रकात संगीताचा तास असतो, शिक्षकाची जागा असेलच असं नाही. शिकवण्या मिळतील. साथ येत असेल तर उपाशी राहणार नाही, म्हणून गाण्याबरोबर पेटी शिकवा. आणि नेटची तयारी दुसऱ्या वर्षापासून."

ते जरा वेळ थांबले. मग म्हणाले, "म्हणजे मास्तरीण होईल."

"होईल," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून पेन काढून पालकाच्या सहीची जागा कुठे आहे ते विचारलं.