सूक्ष्मनियंत्रकावरील छद्म-यादृच्छिक संख्यानिर्मिती

सूक्ष्मनियंत्रकावरील छद्म-यादृच्छिक संख्यानिर्मिती म्हणजे अल्प स्मृती व मर्यादित गणनशक्ती असलेल्या मायक्रोकंट्रोलर चिपवर, निश्चित सूत्राच्या साहाय्याने, सोडतीतून निघाल्यासारखी भासणारी संख्यांची मालिका तयार करणे होय. मालिका ज्या संख्येपासून सुरू होते तिला बीज म्हणतात. सूत्र आणि बीज ठाऊक असल्यास पुढील प्रत्येक संख्या आधीच सांगता येते. म्हणून अशा संख्यांना 'छद्म' हे विशेषण लावतात. इलेक्ट्रॉनिक फासे, शोभेचे दिवे, बिनतारी संवेदक, कुलपे आणि पंपांचे स्वयंचलित स्टार्टर यांत त्यांचा उपयोग होतो. लहान चिपवर सूत्र निवडणे तुलनेने सोपे असते. बीज कोठून आणायचे, हा अधिक अवघड प्रश्न आहे.

मर्यादित स्थिती आणि आवर्तन

चिपच्या स्मृतीत मावणाऱ्या स्थितींची संख्या मर्यादित असते. त्यामुळे कोणतीही सूत्रबद्ध मालिका केव्हातरी पूर्वीच्या स्थितीवर परत येते आणि तेथून तीच चक्राकार फिरते. हे चक्र किती मोठे आहे यावर सूत्राची प्राथमिक गुणवत्ता ठरते.

जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकात सुचवलेल्या मध्यवर्ग पद्धतीत चार अंकी संख्येचा वर्ग करून त्यातील मधले चार अंक पुढील संख्या म्हणून घेतात. २५०० चा वर्ग आठ अंकांत ०६२५०००० असा लिहिला जातो आणि मधले अंक पुन्हा २५०० येतात. मालिका तेथेच थांबते. ३७९२ चेही तसेच होते. देवळाली येथील शिक्षक व गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये शोधलेली प्रक्रिया याच गुणधर्माचे टोकाचे उदाहरण आहे. चार अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास ४३२१ पासून ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४ मिळते. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येऊन स्थिरावते. गणिताच्या दृष्टीने हे जितके रम्य, तितकेच यादृच्छिक संख्यांसाठी निरुपयोगी आहे.

प्रचलित सूत्रे

रेषीय एकरूप पद्धतीत आधीच्या संख्येला एका स्थिरांकाने गुणून दुसरा स्थिरांक मिळवतात आणि ठरावीक संख्येने भागून बाकी घेतात. डी. एच. लेमर यांनी तिचे मूळ रूप १९४९ मध्ये मांडले. आठ बिटांच्या चिपवर 'पाचने गुणा, एक मिळवा, २५६ ने भागून बाकी घ्या' हा नियम घेतल्यास ७ पासून ३६, १८१, १३८, १७९, १२८, १२९, १३४ अशी मालिका निघते. २५६ पैकी प्रत्येक संख्या एका फेरीत नेमकी एकदाच येते, म्हणजे चक्र पूर्ण लांबीचे आहे. तरीही विषम, सम, विषम, सम हा क्रम कधीच मोडत नाही. अशा मालिकेतील शेवटचा बिट घेऊन नाणेफेक केल्यास छापा आणि काटा आळीपाळीने पडतील. म्हणून या पद्धतीत वरचे बिट वापरण्याची प्रथा आहे.

एव्हीआर कुलातील चिपसाठीच्या सी ग्रंथालयात, आणि त्यावर आधारलेल्या आर्डुइनोच्या मूळ मंडळांवर, १६८०७ हा गुणक व २,१४,७४,८३,६४७ हा भाजक असलेले लेमर सूत्र वापरले जाते. हा भाजक मूळ संख्या असल्याने शेवटच्या बिटाचा वरील दोष येथे उद्भवत नाही.

ज्या चिपमध्ये गुणाकाराची सोय नसते, उदाहरणार्थ ५१२ बाइट स्मृतीची एटीटायनी८५, तेथे रेषीय पुनर्भरण सरक-नोंदवही सोयीची पडते. तिला केवळ बिट सरकवणे आणि एक्सॉर या क्रिया लागतात. सोळा बिटांच्या नोंदवहीत १६, १४, १३ व ११ या स्थानांवरून पुनर्भरण केल्यास ६५,५३५ पायऱ्यांचे चक्र मिळते. सर्व बिट शून्य झाल्यास मात्र ती कायमची शून्यावर अडकते. जॉर्ज मार्साग्लिया यांची २००३ मधील एक्सॉरशिफ्ट पद्धत याच जातीची असून, बत्तीस बिटांत १३, १७ व ५ इतके सरकवून तिचे चक्र ४,२९,४९,६७,२९५ पायऱ्यांचे होते.

मोठ्या संगणकांवर लोकप्रिय असलेल्या मर्सेन ट्विस्टर सूत्राला २,४९६ बाइटची स्थिती लागते. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा३२८पी चिपची सगळी स्मृती २,०४८ बाइट आहे.

बीजाचा प्रश्न

वीज मिळताच चिप दर वेळी त्याच स्थितीतून सुरू होते. बीज न दिल्यास मालिकाही दर वेळी तीच निघते. यावर काहीही न जोडलेल्या अॅनालॉग पिनचे वाचन बीज म्हणून घेण्याचा उपाय सर्वत्र शिकवला जातो. दहा बिटांच्या वाचनातून फार तर १,०२४ वेगळी बीजे मिळतात आणि प्रत्यक्षात वाचने थोड्याच आकड्यांभोवती घोटाळतात. दोन अब्जांहून लांब चक्र असूनही उपकरण मोजक्याच ठिकाणांहून सुरू होते. अनेक वाचनांचे खालचे बिट एकत्र करणे, बटण दाबण्याची वेळ मोजणे किंवा दोन स्वतंत्र घड्याळांतील फरक टिपणे हे अधिक भरवशाचे मार्ग आहेत.

कृषिपंपांचे उदाहरण

नांदेड व लातूर जिल्ह्यांसह मराठवाड्यात शेतीला थ्री-फेज वीज पाळ्यांनी मिळते. रात्री वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतात. एका रोहित्रावरील, म्हणजे ग्रामीण भागातील डीपीवरील, सर्व मोटारी त्यामुळे एकाच क्षणी सुरू होतात. पाच अश्वशक्तीची मोटार चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या सहापट. दहा मोटारींचा चालू भार ७५ अँपिअर होतो आणि ६३ केव्हीएचे रोहित्र सुमारे ८४ अँपिअर पेलते. पण दहाही एकदम सुरू झाल्यास मागणी ४५० अँपिअरवर जाते. डीपी जळाली की ती बदलून मिळेपर्यंत उभ्या पिकाचे पाणी तुटते. ऑटोस्विच काढावेत आणि कॅपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण वारंवार करते.

ऑटोस्विचमध्ये सूक्ष्मनियंत्रक घालून शून्य ते २९९ सेकंदांचा यादृच्छिक विलंब देता येतो. दहा मोटारींपैकी कोणत्याही दोघींना नेमका तोच सेकंद मिळण्याची शक्यता तेव्हा सुमारे १४ टक्के राहते, आणि तसे झाले तरी एकदम सुरू होतात त्या दोनच. मात्र सर्व उपकरणांत एकच प्रोग्राम व एकच बीज असेल, तर सगळ्यांचा विलंबही एकच निघतो. वीज सर्वांना एकाच क्षणी मिळत असल्याने सुरू झाल्यापासूनचा वेळही सारखाच असतो. तो बीज म्हणून कामाचा नाही. विलंब १४७ सेकंदांचा आल्यास रोहित्रावरचा धक्का टळत नाही, १४७ सेकंदांनी पुढे ढकलला जातो.

उपाय म्हणून प्रत्येक उपकरणाच्या ईईप्रॉममध्ये वेगळा क्रमांक आणि वीज किती वेळा आली याची गणती ठेवतात व दोन्हींपासून बीज बनवतात. एव्हीआरमधील ईईप्रॉमची एक जागा सुमारे एक लाख लेखने सोसते. दिवसाला दहा वेळा वीज आली तरी ती सत्तावीस वर्षे पुरते. क्रमांक थेट बीज म्हणून वापरणे मात्र घातक ठरू शकते. वरील लेमर सूत्रात १, २ व ३ या बीजांपासून पहिली संख्या १६८०७, ३३६१४ व ५०४२१ येते आणि ३०० ने भागल्यावर बाकी ७, १४ व २१ उरते. ही बाकी वाटण्याइतकी विखुरलेली नाही: १ आणि ३०१ या क्रमांकांना सारखाच विलंब मिळतो. म्हणून बीजातील बिट आधी चांगले मिसळून घेतात.

सुरक्षितता

कुलपे, ओळखपत्रे व गुप्तलेखन यांसाठी वरीलपैकी एकही सूत्र पुरेसे नाही, कारण थोड्या संख्या पाहून पुढच्या काढता येतात. मायफेअर क्लासिक या संपर्करहित कार्डात सोळा बिटांची सरक-नोंदवही होती आणि ती वीज मिळताच ठरलेल्या स्थितीतून सुरू होत असे. कार्डाला वीज दिल्यापासूनचा वेळ काटेकोर राखल्यास हवी ती 'यादृच्छिक' संख्या पुन्हा मिळवता येते, हे २००७ मध्ये संशोधकांनी दाखवले. पुढे या कार्डांची गुप्त प्रणालीही भेदली गेली.

अशा कामांसाठी एईएससारख्या गुप्तलेखन पद्धतीवर बेतलेले जनक आणि विद्युत-गोंगाटावर चालणारी स्वतंत्र परिपथ-रचना वापरतात. एसटीएम३२ कुलातील अनेक चिपमध्ये ती अंगभूत असते. ईएसपी३२ मध्येही ती आहे. मात्र वाय-फाय, ब्लूटूथ किंवा गोंगाटाचा अन्य अंतर्गत स्रोत चालू नसेल, तर तिच्या संख्या छद्म-यादृच्छिकच समजाव्यात, असे निर्मात्यांचे दस्तऐवज सांगतात.