बेंटलीचे हिमकण

हिमकणाला नेमके सहाच कोन का असावेत, पाच किंवा सात का नसावेत, हा प्रश्न योहानेस केप्लरला पडला आणि १६११ साली त्याने त्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. ग्रहांच्या कक्षा मोजणाऱ्या त्या थोर गणितज्ञालाही उत्तर सापडले नाही. पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी जाळी रचतात, हे पुढे विसाव्या शतकात क्ष-किरणांनी दाखविले. परंतु मला येथे सांगावयाचे आहे ते कुणा पंडिताविषयी नव्हे. ज्याने उभे आयुष्य ह्या कणांची छायाचित्रे घेण्यात घालविले, त्या एका शेतकऱ्याविषयी.

विल्सन बेंटली १८६५ साली अमेरिकेत, व्हरमाँट संस्थानातील जेरिको ह्या गावी जन्मला. त्याची आई एके काळची शिक्षिका. तिने त्याला बरीच वर्षे घरीच शिकविले आणि पंधराव्या वर्षी स्वतःजवळचा जुना सूक्ष्मदर्शक त्याच्या हाती दिला. मुलगा हिमकणांची चित्रे काढू लागला. पण चित्र पुरे होण्यापूर्वीच कण वितळून जाई! अखेर कॅमेरा आणि नवा सूक्ष्मदर्शक ह्यांपायी घरचे सुमारे शंभर डॉलर खर्ची पडले. वडिलांना हा सारा खुळेपणा वाटे, आणि गोठ्यातल्या गाईंवर संसार चालविणाऱ्याला तसे वाटले ह्यात नवल ते काय? १५ जानेवारी १८८५ रोजी, विसावे वर्ष पुरे होण्याआधी, बेंटलीला पहिले चांगले छायाचित्र साधले.

त्याची रीत मोठी साधी आणि तितकीच जिकिरीची होती. हिम पडू लागले की तो काळी फळी बाहेर धरी. तीवर पडलेल्या कणांतला एखादा मनाजोगता कण बारीकशा काडीने उचलून काचपट्टीवर ठेवी आणि पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून बसवी. खोलीत शेगडी पेटविण्याची सोय नव्हती. बाहेरच्याइतकीच थंडी आत हवी. श्वाससुद्धा रोखून धरावा लागे, कारण एका उच्छ्वासाने सारे काम पाण्यात जाई, आणि तेही अक्षरशः. खिडकीतून येणारा उजेड कणातून आरपार जाऊन काचेवर उमटे. अशी पाच हजारांहून अधिक चित्रे त्याने घेतली.

खरा वाद आहे तो पुढेच. आरपार उजेडात घेतलेला पारदर्शक कण पांढऱ्यावर करडा असा फिका दिसतो. म्हणून बेंटली मूळ काचेची दुसरी प्रत काढी आणि तीवरचा कणाभोवतालचा काळा थर चाकूने तासन्‌तास खरवडून काढी. तेवढी जागा निर्मळ झाली की छापताना ती काळीकुट्ट उमटे आणि तीवर शुभ्र कण झळके. जर्मन हवामानशास्त्रज्ञ गुस्टाव्ह हेलमान ह्यांनी ह्याला आक्षेप घेतला. त्यांच्यासाठी रिचर्ड न्यूहाउस ह्यांनी घेतलेली चित्रे १८९३ साली प्रसिद्ध झाली होती. त्यांतले कण ओबडधोबड, कोठे मोडलेले. मग बेंटलीचेच कण इतके रेखीव कसे? चाकू कडेला लागलाच नसेल कशावरून?

माझे मत असे की चाकूचा दोष थोडा आणि निवडीचा मोठा. मूळ काच तो तशीच जपून ठेवी, तेव्हा लबाडीचा आरोप टिकत नाही. परंतु मोडका कण तो सहसा घेतच नसे, आणि निसर्गात तर मोडक्यांचीच बहुसंख्या! सौंदर्याच्या लोभाने त्याच्यातल्या संशोधकावर मात केली, असे त्याचे पुस्तक चाळताना मला वाटत राहते. तरीही पुस्तक मिटवत नाही, हेही खरेच.

ते पुस्तक १९३१ च्या अखेरीस निघाले. हम्फ्रीज ह्या हवामानखात्यातील पदार्थवैज्ञानिकाने त्याला शास्त्रीय मजकूर दिला. चित्रे दोन हजार चारशेंवर. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २३ डिसेंबर रोजी, बेंटली न्यूमोनियाने वारला. हिमवादळातून पायी घरी आल्याचे निमित्त झाले, असे सांगतात.

पुस्तक जपानातही पोहोचले. होक्काइदो विद्यापीठातील उकिचिरो नाकाया ह्यांनी ते पाहून हिमाचा अभ्यास हाती घेतला. त्यांनी मात्र वेडेवाकडे कणही टिपले, त्यांनाही वर्गीकरणात जागा दिली, आणि १९३६ साली थंड प्रयोगशाळेत सशाच्या एका केसावर पहिला कृत्रिम हिमकण वाढविला.