एकशे सत्तावीस दात्यांचं चाक

लेथ नावाचं यंत्र आपल्यापैकी अनेकांनी निदान लांबून तरी पाहिलं असेल. गरगर फिरणारी लोखंडी कांब आणि तिला टेकवलेलं धारदार टूल. या यंत्राच्या डाव्या अंगाला एक झाकण असतं. ते उघडलं की आत एकमेकांत अडकलेली दातेरी चाकं दिसतात. ही चाकं काढून त्यांच्या जागी दुसरी बसवता येतात, म्हणून कारखान्यात त्यांना ‘चेंज गिअर’ म्हणतात. आज मी या चाकांविषयी बोलणार आहे. त्यातल्या एका चाकाला तर चक्क १२७ दाते असतात. हा असला आडनिडा आकडा कशासाठी, ते ओघात येईलच.

कानातल्या कुड्यांना मळसूत्र असतं. एका कुडीची फिरकी दुसऱ्या कुडीला बसेलच असं नाही, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या यंत्रांचीही हीच गत होती. बोल्टवरचे आटे बहुतेक हातानं पाडले जात. प्रत्येक बोल्टचा नट वेगळा. यंत्र खोललं तर कोणता नट कुठला, याच्या खुणा करून ठेवाव्या लागत.

ही अडचण सोडवण्याचा विचार जुनाच होता. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत आटे पाडण्याच्या यंत्राचं चित्र आहे. अठराव्या शतकात जेसी रॅम्सडेननं त्यासाठी उत्तम लेथ केले होते. पण ही युक्ती रोजच्या कारखान्यात रुळवली ती हेन्री मॉडस्ले या इंग्रज कारागिरानं. त्याचा जन्म १७७१ चा. बाराव्या वर्षी तो वुलिचच्या शस्त्रागारात कामाला लागला. पुढे जोसेफ ब्रामा या नामांकित कारखानदाराकडे त्यानं नोकरी केली. मागितलेली पगारवाढ मिळाली नाही, तेव्हा १७९७ मध्ये ती सोडून त्यानं स्वतःचं दुकान थाटलं. १८०० च्या सुमाराचा त्याचा लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवलेला आहे.

त्यातली कल्पना समजायला सोपी आहे. लेथच्या अंगाला एक लांब, अचूक स्क्रू असतो. त्याला लीड स्क्रू म्हणतात. तो फिरला की टूल पुढे सरकतं. समजा, त्याला इंचात ४ आटे आहेत. कांब आणि लीड स्क्रू सारख्याच वेगानं फिरले, तर कांबेवरही इंचात ४ आटे पडतील. आपल्याला ८ हवेत? मग लीड स्क्रू निम्म्या वेगानं फिरवायचा. कांबेकडे २० दात्यांचं चाक आणि स्क्रूकडे ४० दात्यांचं. मध्ये आणखी एखादं चाक घातलं तर वेग तोच राहतो, फक्त दिशा उलटते. सायकलच्या डाव्या पायडलला असतात तसे डावे आटेही त्यामुळे पाडता येतात. म्हणजे लीड स्क्रू एकच आणि चाकं मूठभर, पण त्यांतून आटे पाहिजे तितक्या प्रकारचे. मॉडस्लेनं ५ फूट लांब आणि २ इंच व्यासाचा एक स्क्रू केला होता. त्याला इंचात ५० आटे होते. त्याचा १२ इंची नट एकाच वेळी ६०० आट्यांना धरून असे.

पण मंडळी, पाहिजे तसे आटे पाडता येऊ लागले, आणि प्रत्येक कारखान्यानं आपल्याला पाहिजे तसेच पाडले! कारखान्याच्या आत नट-बोल्ट जुळू लागले, शेजारच्या कारखान्याशी मात्र जुळेनात. यावर उपाय काढला तो मॉडस्लेच्याच हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं. त्यानं इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, मोजले आणि त्यांची सरासरी काढली. १८४१ मध्ये त्यानं इंजिनिअरांपुढे प्रस्ताव मांडला, की आट्याचा कोन ५५ अंश असावा आणि प्रत्येक जाडीच्या बोल्टला आट्यांची संख्या ठरलेली असावी.

अमेरिकेत विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये ६० अंशांची वेगळी पद्धत सुचवली. अर्धा इंची बोल्टला व्हिटवर्थचे आटे इंचात १२, तर सेलर्सचे १३. फरक एकाचाच, पण नट चार फेऱ्यांत अडकणार. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन आणि अमेरिका खांद्याला खांदा लावून लढत होते, पण त्यांचे बोल्ट एकमेकांच्या यंत्रांना बसत नव्हते. शेवटी १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी एक सामायिक आटा मान्य केला.

युरोपचा मेट्रिक आटा निराळाच होता. आपल्याकडे मेट्रिक मापं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली. पण कारखान्यांत उभे असलेले कित्येक लेथ इंचाचे होते. कायदा बदलला म्हणून कोणी लेथ भंगारात काढत नाही. इथे ते १२७ दात्यांचं चाक कामाला येतं. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. इंचात ४ आटे असलेल्या लीड स्क्रूवर हे चाक चढवा आणि कांबेकडे २० दात्यांचं लावा. टूल दर फेरीला नेमकं एक मिलिमीटर सरकेल. १२७ ही मूळ संख्या आहे, तिला कशानंही भाग जात नाही. त्यामुळे लहान चाकांच्या जोडीतून नेमकं हेच प्रमाण मिळत नाही. मोठं चाक बसत नसेल तिथे कारागीर ६३ दात्यांच्या चाकावर भागवतात. त्यात आठ हजारांत एक भाग इतकी चूक राहते. २५ मिलिमीटरच्या बोल्टवर ती केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. पण मीटरभर लांबीच्या अचूक स्क्रूवर तीच चूक मिलिमीटरचा आठवा भाग होते, आणि ती चालत नाही. कुठे भागवायचं आणि कुठे नाही, हे ओळखणं हीच टर्नरची खरी विद्या.

माझी पस्तीस वर्षं लेथवर गेली. एकदा एका कॉलेजचा जुना सूक्ष्मदर्शक माझ्याकडे आला. भिंगाची कडी झिजली होती. तिचे आटे ०.८ इंच व्यासावर इंचात ३६. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लंडनच्या सूक्ष्मदर्शक मंडळानं ठरवलेला हा आटा बाजारातल्या बोल्टांत कुठेच मिळत नाही. मी २० ला ६० आणि ३० ला ९० अशी चाकं लावली. म्हणजे नऊस एक. चारास नवानं गुणलं की छत्तीस. संध्याकाळपर्यंत पितळेची कडी तयार झाली. पाचपन्नास रुपयांचं पितळ, पण ते नसतं तर चांगली भिंगं कपाटात पडून राहिली असती.

हल्लीच्या संगणकी लेथमध्ये ही चाकं नसतात. आकडा टाकला की आटे तयार. पण जुने आटे काही संपलेले नाहीत. तुमच्या नळाला असलेले आटे बघा. मेट्रिक होऊन साठ वर्षं उलटली, तरी प्लंबर अर्धा इंचीच नळ मागतो. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंश, म्हणजे व्हिटवर्थचाच! इंचात १४ आटे. भिंतीभिंतींत गाडलेले इतके सांधे कोण बदलणार?

प्रमाण ठरवलं पाहिजे, हे व्हिटवर्थनं शिकवलं. ते नसतं तर आपण आजही नटांवर खुणा करत बसलो असतो. पण प्रमाण ठरलं, की त्याच्या बाहेरचं सगळं लगेच टाकाऊ होत नाही. जुना पंप, जुना छापखाना, जुनं शिलाई यंत्र कुणाच्या तरी पोटाला आधार देत असतं. त्याचा एक नट मिळत नाही म्हणून ते भंगारात जाऊ नये, यासाठी ती दातेरी चाकं आणि ती लावता येणारा माणूस, दोन्ही गावात असायला हवीत.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)