‘एकाच सूत्राची दोन आम्ले’

मजकुरातील ही दोन आम्ले म्हणजे मॅलेइक आणि फ्युमॅरिक. दोघांत चार कार्बन, चार हायड्रोजन, चार ऑक्सिजन आणि जोडणीचा क्रमही तोच. फरक इतकाच, की मॅलेइकमध्ये दोन्ही आम्लगट दुहेरी बंधाच्या एकाच अंगाला असतात (सिस), फ्युमॅरिकमध्ये विरुद्ध अंगांना (ट्रान्स). दुहेरी बंध फिरत का नाही हे सांगायला लेखकाने पुढे दोन खिळ्यांनी ठोकलेल्या फळ्यांचा दाखला दिला आहे. तो सोयीचा आहे, पण अर्धाच खरा: दोन्ही खिळे एका जातीचे नसतात. पहिला बंध आसासारखा, त्याभोवती गिरकी घेता येते. दुसरा बंध दोन कार्बनांच्या समांतर कक्षकांच्या कडेकडेच्या मिलाफातून बनतो, आणि रेणू पिळला की तो मिलाफच तुटतो. म्हणून एकेरी बंधाच्या इथेनमध्ये गिरकीला मोलमागे सुमारे १२ किलोज्यूल पुरतात, तर दुहेरी बंधाच्या इथिलीनमध्ये अडीचशेहून अधिक लागतात. एवढी ऊर्जा खोलीच्या तापमानाला मिळत नाही, आणि दोन्ही रूपे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवता येतात.

मॅलेइक आम्ल तापवले की शेजारचे आम्लगट पाणी गमावून वलय बांधतात. फ्युमॅरिकला ते सहजी साधत नाही. मॅलेइक पाण्यात भरपूर विरघळते, फ्युमॅरिक जेमतेम. आपल्या पेशींच्या क्रेब्ज चक्रात मात्र फ्युमॅरिकच असते.

एकाच सूत्राची दोन आम्ले कशी, या कोड्याचा उलगडा रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांच्या १८७४ मधील कार्बन-चतुष्फलकाच्या कल्पनेतून झाला. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. मजकुरातील त्यांचा ‘वयोवृद्ध प्राध्यापक’ हा उल्लेख त्यामुळे गाळला आहे. — संपा.