पन्नास मिलिग्रॅमची साक्ष

इटलीतील तुरीनच्या कॅथेड्रलमध्ये लिननचे एक लांब कापड जपून ठेवले आहे. त्यावर एका जखमी पुरुषाची पुसट आकृती आहे. क्रुसावरून उतरवलेला येशूचा देह याच कापडात गुंडाळला होता, अशी लक्षावधी लोकांची श्रद्धा. वस्तुतः १३८९ सालीच फ्रान्समधील त्रोयचे बिशप पिएर दार्सी यांनी पोपला कळवले होते की, ही आकृती माणसाने रंगवलेली आहे. चर्चमधल्याच माणसाने शंका घेतली, तरी प्रश्न सहाशे वर्षे लोंबकळत राहिला. का? कारण वाद शब्दांचा होता. आणि शब्दांच्या वादात ज्याच्यामागे परंपरा उभी, त्याचाच शब्द मोठा ठरतो.

१९४९ साली विलार्ड लिबी यांनी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत मांडली. जिवंत वनस्पती हवेतून किरणोत्सर्गी कार्बन-१४ घेते. ती मेली की हा साठा घटू लागतो आणि ५७३० वर्षांत निम्मा होतो. परंतु लिबींची पद्धत अणू फुटण्याची वाट पाहत बसे. एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चे सुमारे सहा हजार कोटी अणू असतात. मिनिटाला फुटतात जेमतेम चौदा! म्हणून नमुना मोठा लागे. तुरीनच्या कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा जाळावा लागला असता. पावित्र्याच्या रक्षकांना नकारासाठी एवढे कारण पुरेसे होते.

१९७७ साली अमेरिका व कॅनडातील शास्त्रज्ञांनी हे वाट पाहणेच मोडीत काढले. अणू फुटण्याआधीच मोजायचा! या पद्धतीला अ‍ॅक्सिलरेटर मास स्पेक्ट्रोमेट्री म्हणतात. नमुन्यातील कार्बन ऋणभारित करून यंत्रात प्रचंड वेगाने सोडतात. तेवढ्याच वजनाचा नायट्रोजन ऋणभारित होऊन टिकत नाही. तो दारातच गळतो. तेवढ्याच वजनाचे रेणू वाटेत इलेक्ट्रॉन ओरबाडले गेल्याने तुटतात. चुंबक उरलेल्यांना वेगळे करतो आणि कार्बन-१४ एकेक करून मोजला जातो. ताज्या कार्बनमध्येही त्याचे प्रमाण लाख कोटी अणूंत एखादा! आता मिलिग्रॅमभर कार्बन पुरू लागला. नकाराचे कारण संपले.

२१ एप्रिल १९८८ रोजी कापडाची एक अरुंद पट्टी कापण्यात आली. अ‍ॅरिझोना, ऑक्सफर्ड व झुरिक येथील प्रयोगशाळांना प्रत्येकी सुमारे ५० मिलिग्रॅम कापड मिळाले. सोबत वय ठाऊक असलेली इतर कापडेही तपासायला दिली होती. तिघांच्या मोजणीतून काळ निघाला इ. स. १२६० ते १३९०. १३ ऑक्टोबरला तुरीनच्या आर्चबिशपांनी स्वतः तो जाहीर केला. याची नोंद केलीच पाहिजे.

मी इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडिलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे. मास्तरांनी ती अंदाजाने लिहिली आणि तीच कायम झाली. तारीख लिहिण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न म्हणूनच मला पुस्तकी वाटत नाही.

यंत्र कोणाची गादी पाहत नाही. पण यंत्रावरही माणसेच बसतात. प्रयोगशाळांची मूळ आकडेवारी पूर्णपणे प्रसिद्ध झाली नव्हती. २०१७ साली ब्रिटिश म्युझियमकडे कायद्याने अर्ज केल्यावर ती मिळाली. तिच्या आधारे २०१९ साली, नमुना एकजिनसी नव्हता, असा आक्षेप घेतला गेला. आक्षेपकांची श्रद्धा काहीही असो, आकडे मागण्याचा त्यांचा हक्क रास्तच होता. विज्ञानाच्या नावाने नवे शब्दप्रामाण्य उभे राहायला नको असेल, तर आकडे उघडे हवेत. आक्षेपाचे उत्तर पुन्हा मोजूनच द्यावे लागेल. त्यासाठी आणखी काही धागे लागतील. यंत्र तयार आहे. किल्ली मात्र अजून रक्षकांच्याच कमरेला आहे.